भुशातले सोनेरी डोळे

दाढ दुखत होती म्हणून ती गेली, नाहीतर त्या दवाखान्याची पायरी ती कधी चढली नसती.

दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच होता. पण गेली तीन वर्षं तिथून जाताना ती रस्ता ओलांडायची आणि पलीकडच्या बाजूने चालायची. कारण तिथे छोटू जायचा. छोटू म्हणजे तिचा नवरा. सहा फूट उंच, प्रत्येक दारातून वाकून आत येणारा, आणि तरी घरीदारी सगळ्यांचा छोटूच. एका ओल्या सकाळी त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. तेव्हापासून छोटू जिथे जिथे जायचा, त्या सगळ्या जागांना ती वळसा घालत आली होती.

दाढेला मात्र वळसा घालता येत नाही. चार रात्री लवंग धरून झाल्यावर ती गाल दाबत दवाखान्यात शिरली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

शेजारी स्टुलावर काचेची एक टाकी होती. आत पाणवनस्पतीचा झुबका, आणि एकच मासा. करड्या रंगाचा, करंगळीएवढा, कुणी दुसऱ्यांदा बघू नये असा. पण ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. बारीक बघायची तिच्या डोळ्यांना सवयच होती. ती वाकली. मासा काचेजवळ आला, पर हलवत थांबला... आणि तिच्या दाढेचा ठणका क्षणभर कुठेतरी निघून गेला.

ती मादी होती. आणि ही जात ती ओळखत होती.

"या," आतून आवाज आला.

डॉक्टर तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. कपाळावरचे केस आताच मागे सरकू लागलेले, आवाज मऊ. खुर्ची मागे झुकवून त्यांनी दिवा ओढला.

"मोठा आ करा... अजून... हं. किती दिवस अंगावर काढलंत हे?"

"आं—"

"बरोबर. सगळे तेवढेच काढतात."

भुलीचं इंजेक्शन दिलं, कापूस ठेवला आणि ते बोलत राहिले. त्यांना सवयच होती ती, उत्तराची वाट न बघता बोलायची.

"बाहेर मासा बघत होतात ना? दार उघडं होतं, दिसलं मला. तिच्याकडे इतकं वाकून बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच. रंग नाही ना बिचारीला. हिच्या पणजीची अंडी मला एका पेशंटने दिली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर भुसा, आणि म्हणतात, डॉक्टर, यात जीव आहेत. मला वाटलं, चेष्टा करतोय माणूस. उंच होते हो फार... पाय खुर्चीबाहेर यायचे. आणि नाव काय, तर छोटू! बऱ्याच वर्षांत आले नाहीत ते. दाढेवर कॅप बसवायची राहिलीये त्यांची..."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. झुकलेल्या खुर्चीत ते गालांवर न येता सरळ कानांत उतरलं.

"दुखतंय?" त्यांनी हात थांबवला. "अजून भूल देऊ?"

तिने मान हलवली, हात वर केला. त्यांनी कापूस काढला.

"ते... नाहीत आता," जड झालेल्या ओठांनी ती म्हणाली. "मी त्यांची बायको."

तिच्या चेहऱ्यावर रोखलेला तो प्रखर दिवा डॉक्टरांनी बंद केला आणि स्टूल भिंतीकडे फिरवून, तिच्याकडे पाठ करून, अवजारं पुसत बसले. तिचं रडून होईपर्यंत पुसत बसले.

मग तीच म्हणाली, "डॉक्टर... ती मादी... मला द्याल?"

"गादी?"

"मादी. मादी!"

"असं होय." त्यांनी स्टूल वळवलं. ते अगदी गंभीर होते. "आधी ही दाढ काढू. मग शांतपणे बोलू. अर्ध्या ओठाने इतकी मोठी मागणी करू नये."

*

दुसऱ्या दिवशी जखम दाखवायला गेली, तेव्हा तिने सगळं नीट सांगितलं.

हे किलीफिश. दरवर्षी आटणाऱ्या डबक्यांतले. पाऊस आला की जन्मतात, झपाट्याने वाढतात, डबकं आटायच्या आत तळच्या चिखलात अंडी घालतात आणि मरतात. चिखल वाळतो, भेगाळतो. आतली अंडी तशीच पडून राहतात, पुढच्या पाण्यापर्यंत. घरी पाळायचे तर हे सगळं आपणच करायचं. टाकीत नारळाच्या काथ्याचा भुसा ठेवायचा, त्यात अंडी पडली की भुसा पिळून पिशवीत बांधायचा, काही महिने ठेवून द्यायचा, आणि वेळ झाली की पाणी ओतायचं.

"छोटूने पिढ्यामागून पिढ्या काढल्या," ती म्हणाली. "तो गेल्यावर मी काढल्या. पण गेल्या खेपेला जेवढी पिल्लं जगली, ती सगळी नरच निघाली. आता घरात चार नर आहेत, आणि... पुढे काही नाही. सासूबाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्या रोज सकाळी टाकीपुढे बसतात. छोटूशी बोलल्यासारख्या बोलतात त्यांच्याशी. हे चार गेले की काय सांगू मी त्यांना?"

डॉक्टर टाकीकडे बघत होते. "माझ्याकडे उलट झालं. नर होते दोन. झाकण उघडं राहिलं, उड्या मारून बाहेर पडले. हिला एकटीला बघून मला रोज वाईट वाटायचं." मग त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे थोडक्यात, तुम्ही मुलगी मागायला आला आहात."

"...तसंच म्हणा."

"मुलाकडचं कोण कोण असतं घरी?"

"मी आणि सासूबाई."

"मुलगा काय करतो?"

"काही नाही," ती म्हणाली. "दिवसभर पिसारा फुलवून मिरवतो."

"मुलगेच ते." डॉक्टर मान हलवत म्हणाले. आणि ती हसली. जखमेच्या टाक्यांवर ताण आला, गाल दुखला, तरी हसली. किती दिवसांनी... तिला स्वतःलाच आठवेना.

*

सुट्टीच्या दिवशी डॉक्टर मुलगी घेऊन आले. पिरपिर पाऊस होता. छत्री मानेत धरलेली आणि पाण्याची पिशवी दोन्ही हातांच्या ओंजळीत, असे ते जिना चढून आले तेव्हा एक खांदा पूर्ण भिजला होता. पिशवी मात्र कोरडी होती.

सासूबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पिशवी उजेडात धरून खालून, वरून, बाजूने पाहिली.

"रंगाने साधीच आहे."

"स्वभावाने गरीब आहे, आई," डॉक्टर म्हणाले. "खाण्यापिण्याचे नखरे नाहीत."

"वय?"

"वय... जरा झालंय."

"आमचाही काही कोवळा राहिलेला नाही." सासूबाईंनी पिशवी परत दिली. "आणि तुमचं काय? लग्न?"

"नाही झालं."

"का?"

"मी ज्यांच्याशी बोलतो, त्या सगळ्यांच्या तोंडात कापूस असतो, आई."

सासूबाई हसल्या. स्वयंपाकघरातून ती चहाचे कप घेऊन येत होती, ती दारातच थांबली. या घरात हा आवाज तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता.

मादीला लहान टाकीत सोडलं, तळाशी भुशाचा वाडगा ठेवला. चौघांतला सर्वांत देखणा नर, निळ्या अंगाचा, तांबड्या शेपटीचा, जाळीने उचलून आत सोडला. तो आधी थबकला. मग पर ताणून तिच्याभोवती एक फेरी, दुसरी फेरी... तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवल्यासारखा हळूच रेलला. दोघं अंगाला अंग लावून भुशात उतरली. एक बारीकशी थरथर झाली, भुशाचा धुरळा उठला.

खोलीत तिघं माणसं होती आणि तिघंही उगाचच खिडकीबाहेर बघू लागली.

त्यानंतर दर सुट्टीला डॉक्टर येऊ लागले. नर मादीला फार छळतो, म्हणून तिला मधूनमधून वेगळं काढून विश्रांती द्यावी लागे, आणि भुसा तपासावा लागे. ती दुकानातलं भिंग आणायची, डॉक्टर दवाखान्यातला बारीक चिमटा आणायचे. टेबलावर पांढरी ताटली, तिच्यात ओला भुसा, आणि त्यावर वाकलेली दोन डोकी.

"हे बघा... इथे."

"कुठे?"

"तुमच्या चिमट्याच्या टोकाशी. डोळे आहेत की बटणं?"

"मला दात बघायची सवय. ते एवढे लपून बसत नाहीत." मग त्यांनाही ते दिसायचं, खसखशीएवढं, काचेच्या मण्यासारखं अंडं.

एकदा चिमटा थरथरला.

"हात थरथरतोय तुमचा," ती म्हणाली.

"दाढ काढताना नाही थरथरत."

"मग आत्ताच काय झालं?"

"आत्ता..." त्यांनी भिंगातून वर पाहिलं, "समोरचं माणूस शुद्धीत आहे."

तिने नजर ताटलीत वळवली. कान गरम झाले होते. पलीकडे सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला होता, तो पुन्हा चालू लागला.

पाऊस ओसरला, हवेत कोरडेपणा आला, आणि एका सकाळी मादी तळाशी आडवी पडलेली दिसली. आजाराने नाही, वयाने. डॉक्टरांनी तिला कागदात गुंडाळून कुंडीत पुरलं. भुसा शेवटचा पिळला, हातात ओलसर तंबाखूसारखा मोकळा वाटेपर्यंत, आणि पिशवीत भरून गाठ मारली. पिशवी कपाटावर गेली.

निरोप घेताना जिन्याच्या दारात ते रेंगाळले.

"आता यायला काही निमित्त राहिलं नाही."

ती दाराची कडी उगाचच वरखाली करत राहिली.

"मला उत्तराची सवय नाही," ते म्हणाले, "पण आज ऐकायला आवडलं असतं."

"आई आहेत घरात..."

"मला दिसतात की त्या."

"तसं नाही." तिने दाराची कडी धरून ठेवली. "त्यांना मी आहे. एवढंच आहे त्यांच्याकडे. तुम्हाला कळतंय ना?"

त्यांना कळलं. म्हणूनच ते आणखी काही न बोलता जिना उतरले. प्रत्येक पायरीचा आवाज तिला ऐकू आला.

*

हिवाळा सगळा असाच गेला. ती दुकानात काचा घासायची, घरी यायची. आता ती दवाखान्याच्या बाजूनेच चालायची, पण आत जायची नाही. उघड्या दारातून रिकामी टाकी दिसायची. डॉक्टर आत कुणाशी तरी बोलत असायचे, एकटेच, नेहमीसारखे.

पिशवी मधूनमधून उतरवून ती चिमूटभर भुसा भिंगाखाली धरायची. आधी अंडी नुसतीच स्वच्छ होती. मग आत एक रेघ आली. मग रेघेला कण्यासारखा आकार आला. आणि एक दिवस अंड्यातून कुणीतरी तिच्याकडे पाहिलं... दोन काळे डोळे, भोवती सोनेरी कड.

ती धावत सासूबाईंकडे गेली. "आई, तयार झालीत! पाणी ओतायला हवं."

सासूबाई निवडत होत्या ते तांदूळ निवडत राहिल्या. "एवढी काय घाई? अजून थांब."

पुढच्या आठवड्यातही तेच. "अजून थांब." आणि त्याच्या पुढच्याही.

"आई, डोळे दिसू लागल्यावर फार ठेवता येत नाही. आतलं अन्न संपतं त्यांचं. अशक्त होतात, फुटली तरी पोहता येत नाही."

"मला शिकवू नकोस. छोटूने केलेलं बघितलंय मी."

आणि एका संध्याकाळी ती दुकानातून आली, तर कपाटावर पिशवीच नव्हती.

तिने खाली पाहिलं, मागे पाहिलं. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, पाय जुळवून, हात मांडीवर. पलंगाखालच्या कपड्यांच्या पेटीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं.

"आई... पिशवी तुम्ही ठेवलीत?"

"हो."

"का?"

सासूबाईंनी टाचेने पेटीचं झाकण आत लोटलं. मग म्हणाल्या, "ती फुटली की तू जाशील."

"कुठे जाईन? कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं? हा चष्मा तूच करून दिलास ना मला? स्वच्छ दिसतं यातून. सुट्टीच्या दिवशी ती खुर्ची पुसून ठेवतेस. तो येत नाही, तरी पुसतेस." त्यांनी दाराकडे पाहिलं. "छोटू गेला तेव्हा सगळे म्हणत होते, सून आता माहेरी जाईल. तू गेली नाहीस. पण मी... रोज सकाळी डोळे उघडले की आधी दारात जाऊन तुझ्या चपला बघायची. आहेत ना. आजही बघितल्या."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला राग यायला हवा होता, तो आला नाही. तीन वर्षं रोज सकाळी ही बाई अनवाणी दारापर्यंत जात होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"मला ते आवडतात, आई," शेवटी ती म्हणाली. हे शब्द मोठ्याने बोलताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "खोटं नाही बोलणार. पण तुम्हाला टाकून मी कुठेही जाणार नाही. हे त्यांनाही सांगून झालंय. म्हणूनच ते येत नाहीत."

"सांगितलंस? असं?"

"असंच."

सासूबाईंनी चष्मा काढला. पदराने काचा पुसत राहिल्या, पुसून झाल्या तरी पुसत राहिल्या.

"म्हणजे माझ्यामुळे तूही त्या पिशवीतच," त्या म्हणाल्या.

त्या रात्री दोघी जेवल्या, भांडी आवरली, कुणी विषय काढला नाही. सकाळी ती उठली, तर पिशवी टेबलावर होती. शेजारी रिकामी काचेची टाकी, घासूनपुसून ठेवलेली, आणि माठातल्या गार पाण्याचा तांब्या.

"छोटू एवढा थांबला नसता," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना फोन कर. म्हणावं, अंडी निवडायला होतात, आता फुटतानाही या."

*

डॉक्टर दवाखान्यातून तसेच आले, पांढरा कोट अंगात ठेवूनच. जिना चढताना धाप लागली होती.

सासूबाईंनी स्वतः गाठ सोडली. भुसा टाकीत पसरला आणि तांब्या तिरका केला. गार पाणी भुशावरून पसरलं, भुसा तरंगला, मग हळूहळू बसू लागला. तिघं टाकीभोवती बसली. खिडकीतून ऊन आत येत होतं. टाकीतलं पाणी चहासारखं तांबूस दिसत होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही.

"उशीर झाला का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"शू..." डॉक्टर पुढे वाकले. "ते बघा."

भुशाच्या एका कणापासून एक पापणीच्या केसाएवढी रेघ सुटली. झटका दिला, थांबली, पुन्हा झटका. दोन डोळे, आणि मागे नुसती शेपटी. मग आणखी एक. मग चारी बाजूंनी, कुणीतरी हाक मारल्यासारखी.

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. ती आणि डॉक्टर एकाच वेळी एकमेकांकडे वळले, आणि तिने नजर काढून घेतली नाही.

पण दुपार कलली तशी टाकीचं चित्र स्पष्ट झालं. बरीचशी पिल्लं तळाशीच होती. पोटावर घसरत होती, वर यायला धडपडत होती आणि पुन्हा तळाला जात होती.

"ही का वर येत नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

ती डॉक्टरांकडे बघू लागली.

"सगळ्यांना नाही जमत, आई," डॉक्टर म्हणाले. "दर खेपेला काही अशी असतात."

"इतकी?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही, खरंही सांगितलं नाही. सासूबाई समजल्या. त्या टाकीपुढून उठल्या नाहीत. तळाशी घसरणाऱ्या त्या जिवांकडे बघत म्हणाल्या, "माझ्या धरून ठेवण्याने झालं हे." मग तिने जवळ जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो तसाच ठेवला.

वर तरंगणारी पिल्लं हाताच्या बोटांवर मोजता आली असती. तेवढी दुसऱ्या टाकीत काढली. त्यांना चारा म्हणून मिठाच्या पाण्यात आर्टेमिया या बारीक कोळंबीची अंडी उबवायची, त्यातून धुळीएवढे नारिंगी जीव निघायचे. ते अगदी थेंबाथेंबाने सोडावे लागत. डॉक्टरांनी त्यासाठी बोथट सुईची सिरिंज आणली. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते यायचे. ती पोळ्या करता करता स्वयंपाकघरातून बघायची. दातांचा हा डॉक्टर श्वास रोखून, भुवया आक्रसून, डोळ्यांनाही धड न दिसणाऱ्या तोंडांत घास भरवतो आहे.

पिल्लं वाढली. त्यांच्या पोटात नारिंगी ठिपका दिसू लागला. एका सकाळी काहींच्या शेपटीवर तांबडी छटा उतरली, आणि बाकीची करडीच राहिली.

"माद्या आहेत," ती टाकीवर वाकून म्हणाली. "एक... दोन... तीन माद्या आहेत, डॉक्टर!"

तिने मान वर केली. ते टाकीकडे बघतच नव्हते.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मला तुम्ही आवडता. फार. हे मी घरी आरशापुढे बरंच लांबलचक तयार केलं होतं... पण आता एवढंच आठवतंय. उत्तर द्याच, असं नाही."

"हो."

"हो म्हणजे?"

"उत्तर."

सिरिंजमधला थेंब टेबलावर पडला. दोघांनीही पुसला नाही.

"मी छोटूला विसरणार नाही कधी," ती हळूच म्हणाली.

"विसरू नका. मीही विसरणार नाही. चेष्टा करतोय असं वाटलं होतं मला, आणि माणसाने खरंच जीव दिले होते हातात."

"आणि आईंना सोडून मी येणार नाही."

"पण मी तुम्हाला न्यायला आलोच कुठे?" ते म्हणाले. "माझी एक खोली आहे भाड्याची. दोन खुर्च्या, एक गादी... खरोखरची गादी. एका फेरीत येईल सगळं. जागा असेल तर मीच येतो."

तिने टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या हातावर हात ठेवला.

*

सासूबाईंना दोघांनी मिळून सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि भाजी चिरत होत्या. सगळं ऐकून झाल्यावरही दोन भेंड्या चिरून झाल्या.

"छोटूची खोली रंगवून घ्यायला हवी," त्या म्हणाल्या. "ओल आलीय भिंतीला." एवढं बोलून त्या उठल्या, आत गेल्या, आणि खूप वेळ बाहेर आल्या नाहीत. ती उठून आत जाऊ लागली, तर डॉक्टरांनी मानेनेच नको म्हटलं. आत रडण्याचा आवाज येत होता. तो त्यांचा एकटीचा होता.

भिंती रंगल्या. कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून सासूबाईंनी ठसठशीत अक्षरात सही केली. आणि एका रविवारी डॉक्टर सामान घेऊन आले. दोन खुर्च्या, गादी, पुस्तकांचं खोकं आणि स्टुलावरची ती रिकामी टाकी.

जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू उभ्या होत्या. सामानाकडे, डॉक्टरांकडे, मग दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघत त्यांनी विचारलं, "कोण हो हे? भाडेकरू ठेवला वाटतं?"

आत स्वयंपाकघरात ती चहा टाकत होती. तिचा हात थांबला. या प्रश्नाचं उत्तर गेले कित्येक दिवस तिने मनात शोधलं होतं. मुलगा म्हणावं, तर छोटूची जागा कुणाला द्यायची? आणि सुनेच्या नवऱ्याला दुसरं काय म्हणतात, हे तिला तरी कुठे माहीत होतं! सासूबाईही क्षणभर अडखळल्या असाव्यात, कारण बाहेर काहीच ऐकू येईना.

मग त्यांचा आवाज आला, शांत, नेहमीचा.

"जावई आहेत माझे."

"जावई?" काकू गोंधळल्या. "अहो, पण तुम्हाला मुलगी कुठे आहे?"

"आहे की," सासूबाई म्हणाल्या. "आत चहा करतेय." मग डॉक्टरांकडे वळून, "अरे, असा ओझं घेऊन उभा काय राहिलास? आत ये."